सात नंबरची वाकडी ग्रिप

फोन आला तेव्हा मी वजिराबादेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात उभा राहून दुकानदाराशी हुज्जत घालत होतो. मला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ कागदी टेप हवी होती, आणि तो स्पंजासारखी जाड टेप पुढे करून म्हणत होता, "हीच चालतीय सर, आरसे बी चिकटतेत हिनं." "मला आरसा चिकटवायचा नाही," मी म्हणत होतो, "काठीला रबर चढवायचंय." त्याला ते कळेना आणि मला नीट सांगता येईना. पंधरा वर्षं या टेपसाठी नांदेडच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या, पण दर वेळी सोबत माझे मेहुणे, हवालदार, असायचे आणि बोलायचं काम त्यांचं असायचं. तेवढ्यात खिशात फोन वाजला. लातूरहून त्यांची मुलगी रेखा बोलत होती. "मामा, बाबा गेले." सकाळचा चहा घेऊन खुर्चीत बसले होते, बसल्याबसल्याच... दुकानदार अजून टेप पुढे करून उभा होता. मी ती त्याच्या हातातून घेतली, सरळ स्टँड गाठला आणि लातूरच्या गाडीत बसलो. चुकीची टेप विकत घेऊन आपण निघालोय, हे अहमदपूर ओलांडल्यावर ध्यानात आलं. ती टेप आता माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे आणि कशाच्याच उपयोगाची नाही.

खरं म्हणजे त्या रविवारी मी लातूरला जाणारच होतो. हवालदारांच्या एका काठीची ग्रिप कापून नवी बसवायची होती, आणि ती बसवता बसवता त्यांना एक गोष्ट सांगायची होती. दोन्ही राहिलं. त्याला आता सव्वा महिना झाला. भेटायला येणारे "काळ हेच औषध" वगैरे सांगून जातात आणि मी मान डोलावतो, पण मला दुःखापेक्षा चिडचिडच जास्त होते. त्यांच्यावर होते, माझ्यावर होते, त्या दुकानदारावरही होते, ज्याचा बिचाऱ्याचा यात काहीच संबंध नाही.

दिगंबरराव हे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. नायगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून सैन्यात गेले आणि हवालदार होऊन परत आले. मी त्यांना कधी दादा म्हटलं नाही, हवालदारच म्हणायचो. ते मला दाजी. नोकरीची शेवटची काही वर्षं त्यांची ड्यूटी छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर लागली होती. साहेब लोकांच्या काठ्या सांभाळायच्या, पुसायच्या, दुरुस्त करायच्या. ते करता करता स्वतःही खेळायला शिकले. निवृत्तीच्या दिवशी एका साहेबांनी आपल्या जुन्या सात काठ्या कॅनव्हासच्या पिशवीसकट त्यांना देऊन टाकल्या. क्लब हा शब्द हवालदारांनी कधी वापरला नाही, काठीच म्हणायचे. इतर फौजी घरी येताना ट्रंका, ब्लँकेटं आणतात. हे गृहस्थ नांदेडला, जिथं गोल्फ कशाशी खातात हे कुणाला माहीत नव्हतं, गोल्फच्या काठ्या घेऊन उतरले. गल्लीत कुणी त्याला हॉकी म्हणालं, कुणी विचारलं की साप मारायला एवढ्या सात कशाला लागतात. माझ्या बायकोनं पिशवी उघडून बघितली आणि म्हणाली, "ह्या आणल्याव व्हय दादा? मला वाटलं काही भांडेकुंडे आणताल."

मुदखेडच्या रस्त्याला एका ओळखीच्या माणसाचा पडीक माळ होता. तिथं हवालदारांनी रंगाचे रिकामे डबे जमिनीत पुरून भोकं केली. भोकाभोवतीची ग्रीन, म्हणजे हिरवळ, कुठून आणणार? मग वाळू चाळून तिच्यात गॅरेजमधलं जळकं ऑइल कालवलं आणि भोकांभोवती ती दाबून गुळगुळीत केली. "आमच्या छावणीत बी असंच होतं, ह्याला ब्राउन म्हणतेत," असं त्यांनी मला ऐटीत सांगितलं. मी शाळेत भूमिती शिकवायचो. खेळाशी माझा संबंध मुलांना पीटीच्या तासाला वर्गाबाहेर हाकलण्यापुरता. पण दादा एकटाच उन्हातान्हात हिंडतो म्हणून बायकोनं मला त्यांच्यामागे लावून दिलं आणि मी अडकलो. मला तो खेळ कधी धड जमला नाही. माझा चेंडू बाभळीत जायचा, हवालदार तो शोधायला लावायचे आणि वर म्हणायचे, "गणिताचे मास्तर तुम्ही, अन् सरळ रेघ कळंना काय?"

पण मला सांगायचंय ते ग्रिपबद्दल. काठीच्या वरच्या टोकाला, हातात धरायच्या जागी, रबराची निमुळती नळी असते, तिला ग्रिप म्हणतात. आपल्याकडचे दोन उन्हाळे काढले की ते रबर कडक होतं, घामानं आणि धुळीनं चकचकीत होतं आणि काठी हातात फिरायला लागते. साहेब लोक ती दुकानातून बदलून आणतात. इथं दुकान कुठलं? पहिल्या वर्षी हवालदारांनी सायकलच्या हँडलची मूठ चढवून बघितली, ती डगडग हलायला लागली. मग सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून गुंडाळल्या, तर मे महिन्यात त्या वितळल्यासारख्या झाल्या आणि आम्ही दोघं कोळसा विकून आल्यासारखे काळे हात घेऊन घरी यायला लागलो. पुढे रेखाचं लग्न होऊन ती लातूरला गेली, फोनवरून सामान मागवायला शिकली, आणि खऱ्याखुऱ्या ग्रिपा लातूरच्या पत्त्यावर यायला लागल्या. तिथून कुणी नांदेडला येणारा असला की त्याच्यासोबत ती पाठवून द्यायची. दर वर्षी सात आणि जादाच्या तीन.

त्या बसवण्याचा सोहळा हवालदारांच्या ओसरीत व्हायचा. काठी जुन्या टॉवेलात गुंडाळून लोखंडी पलंगाच्या गजांत अडकवायची. जुनी ग्रिप कटरनं उभी चिरून काढायची, खालची वाळलेली टेप नखांनी आणि चाकूनं खरवडायची, नवी टेप गुंडाळायची. मग ग्रिपच्या बुडाचं बारीक भोक बोटानं दाबून आत पेट्रोल ओतायचं, हलवायचं आणि तेच पेट्रोल टेपवर ओघळू द्यायचं. पेट्रोलनं टेपचा चिकटपणा तेवढ्यापुरता निसरडा होतो. त्या निसरड्यावरून एका दमात ग्रिप खालपर्यंत ढकलायची. "मधी थांबायचं न्हाई दाजी. थांबलाव की संपलं." ग्रिपवर एक पांढरी रेघ असते. ती काठीच्या तोंडाशी, म्हणजे खालच्या डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या चपट्या बाजूशी, बरोबर सरळ यावी लागते, कारण अंगठा त्या रेघेवर बसतो. ती सरळ करायला मोजून दहा सेकंद मिळतात, मग पेट्रोल उडून जातं आणि टेप धरून बसते. उन्हाळ्यात दहाचे पाच होतात. म्हणून त्यांचा नियम होता, ऊन शेजारच्या पाण्याच्या टाकीवर यायच्या आत काम संपलं पाहिजे. पहाटे पाचला मला न्यायला ते माझ्या दारात उभे असायचे. माझं काम काय, तर खाली बसून काठीचं डोकं हलू न देणं. कित्येक वर्षं मी, भूमितीचा मास्तर, काठीचं डोकं धरून बसलो.

शेवटी एकदा मी हट्टाला पेटलो की मलाही एक बसवू द्या. नेमकं त्या दिवशी पेट्रोल संपलेलं होतं आणि हवालदार ते आणायला गेले होते. मला वाटलं, निसरडंच करायचंय ना, मग रॉकेल काय वाईट? घातलं रॉकेल. ग्रिप अशी सरसर गेली की मी खूश. हवालदार आले, वास घेतला आणि नुसते हसले. चार दिवसांनी माळावर मी ती काठी फिरवली, तर हातात नुसती ग्रिप राहिली आणि काठी सुटून शेजारच्या जवारीत जाऊन पडली. रॉकेल कुठं वाळतंय! उभ्या जवारीत दुपारपर्यंत काठी शोधत होतो आणि बांधावर बसून ते मला कमांड देत होते, "दाजी, डाव्या अंगाला... अजून डाव्या... कणसं मोडू नका, मालक शिव्या देईल."

एवढं सगळं हसत केलं असतं तर बरं होतं. पण ग्रिपच्या बाबतीत या माणसाला दयामाया नव्हती. मी बसवलेली ग्रिप ते दुसऱ्या दिवशी हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि अंगठा टेकवायचे. "डोळे झाकून धरली तरी मला कळतंय," म्हणायचे. जवसाच्या दाण्याएवढी जरी रेघ सरकलेली असली, तरी कटर काढून माझ्यादेखत चर्रकन चिरून टाकायचे. कोरी करकरीत ग्रिप! एकदा मी इतका संतापलो की म्हणालो, "हवालदार, तुम्हाला काय साहेबांसोबत मॅच खेळायचीय का? रंगाच्या डब्यात तर चेंडू घालायचा!" ते शांतपणे चिरलेलं रबर गुंडाळत म्हणाले, "डबा असू द्या नाहीतर काहीबी. वाकडं हाय ते वाकडं हाय." पंधरा दिवस मी त्यांच्या घरी गेलो नाही. मग तेच आले, हातात नवी ग्रिप. "चला, पुन्हा बसवून बघा. मी डोकं धरतो." इतक्या वर्षांत ते खाली बसले आणि मी वर, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. तीही त्यांनी दुसऱ्या दिवशी कापली, हे वेगळं सांगायला नको.

यंदा थंडी सरता सरता त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पाय सावरला, पण उजव्या हातातली ताकद गेली. डोळ्यांत मोतीबिंदू होताच. माळ बंद झाला. तरी मे महिन्यात लातूरहून ग्रिपा आल्या आणि मला फोन आला, "दाजी, औंदा तुम्हालाच बसवाव्या लागतेत." मी म्हणालो, खेळणार कोण आहे? तर म्हणाले, "खेळणं नंतर बघू. काठ्या तयार पाहिजेत." सहा काठ्या मी आठवडाभरात कशाबशा उरकल्या. ते खुर्चीत बसून हुकूम सोडायचे, टेप अर्धा इंच वर गेली, पेट्रोल कमी पडलं, बोट काढा, बोट काढू नका. त्यातल्या दोन त्यांनी डाव्या हातानं धरून नापास केल्या आणि मी त्या पुन्हा बसवल्या. राहिला होता सात नंबर. तो त्यांचा जीव की प्राण. "सात नंबर असला की बाकीच्या सहाचं काम न्हाई," असं ते नेहमी म्हणायचे. तो मुद्दाम शेवटी ठेवला होता, माझा हात बसल्यावर करायचा म्हणून.

त्या दिवशी मी पहाटे पाचला गेलो नाही. आदल्या दिवशी एका लग्नात पंगती वाढून थकलो होतो, उशिरा उठलो, आणि पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. पाण्याची टाकी उन्हानं फटफटीत झाली होती. हवालदार सकाळपासून खुर्चीत तयार बसलेले. "आज ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "उद्या पहाटे करू." मला उद्या पहाटे पुन्हा येणं नको होतं. मी म्हणालो, होतंय, बघा तुम्ही. टेप गुंडाळली, पेट्रोल ओतलं, ढकलली. अर्ध्यावर ती अडकायला लागली, मी दात-ओठ खाऊन रेटली आणि रेटता रेटता ती फिरली. खालपर्यंत गेली खरी, पण पांढरी रेघ उजवीकडे गव्हाच्या दाण्याएवढी सरकली. मी पिळून बघितलं. हलेना. पाच सेकंदही मिळाले नव्हते. घाम डोळ्यांत उतरत होता, पोटात कावळे ओरडत होते, आणि एक जादाची ग्रिप पिशवीत पडलेली मला दिसत होती. म्हणजे पुन्हा चिरणं, पुन्हा खरवडणं, पुन्हा सगळं...

"सरळ हाय का दाजी?" त्यांनी विचारलं.

"सरळ हाय," मी म्हणालो.

त्यांनी काठी मागितली. डाव्या हातानं धरली, डोळे मिटले, अंगठा टेकवला. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बरं झालं. हात धुवा, जेवून घ्या." मी मोरीवर गेलो. खरं सांगतो, तेव्हा मला लाज वाटली नाही. उलट आतल्या आत एक दुष्ट आनंद झाला. इतकी वर्षं माझ्या कोऱ्या ग्रिपा कापणाऱ्या या माणसाच्या हातालाही काही कळत नाही, हे मी आज पकडलं होतं. वहिनींनी पानं मांडली. मी पोटभर जेवलो आणि घरी जाऊन झोपलो.

जूनमध्ये रेखा त्यांना आणि वहिनींना लातूरला घेऊन गेली, तिथले डॉक्टर बरे आहेत म्हणून. जाताना हवालदारांनी बाकी सहा काठ्या इथंच ठेवल्या आणि सात नंबर टेकायला म्हणून सोबत नेला. डॉक्टरांनी हातासाठी रबराचा चेंडू दाबायला सांगितला होता. चेंडू त्यांनी नातीला देऊन टाकला आणि व्यायाम म्हणून सात नंबर धरून बसायला लागले. मी फोन केला की आधी विचारायचो, "सात नंबर काय म्हणतो?" ते म्हणायचे, "मजेत हाय. लातुरात पाणी न्हाई, पण त्याला मानवलंय." पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा हसू आलं नाही. ज्या माणसानं आयुष्यात माझ्या एका कामाला चांगलं म्हटलं नाही, तो फोनवर म्हणायला लागला, "लई झकास बसलीय दाजी, हाताला गोड लागतीय." ते ऐकून माझं डोकं उठायचं. मी आडून आडून विचारायचो, जरा फिरल्यासारखी नाही ना वाटत? "न्हाई न्हाई." असे दीड-दोन महिने गेले. मग मी ठरवलं की पुरे झालं. रविवारी जायचं, त्यांच्यासमोर ती ग्रिप चिरायची, नवी सरळ बसवायची आणि सांगायचं की हवालदार, मी त्या दिवशी खोटं बोललो. काय शिव्या द्यायच्या त्या द्या. म्हणून मी गुरुवारी टेप आणायला बाहेर पडलो. पुढचं वर सांगितलंच आहे.

दिवस उरकून वहिनी नांदेडला परत आल्या. गेल्या आठवड्यात मी तिकडे गेलो. खिशात कटर होता आणि पिशवीत ती जादाची ग्रिप. आता कुणासाठी बसवणार होतो, मला माहीत नाही, पण राहिलेलं काम डोक्यातून जात नव्हतं. वहिनी ओसरीत मेथी निवडत बसल्या होत्या. सात नंबर दाराआड, छत्री टांगतात त्या खिळ्याखाली उभा होता. मी तो घेऊन उजेडात गेलो. पांढरी रेघ तशीच, उजवीकडे सरकलेली. तिच्यावरचं रबर मात्र कोरं होतं, जणू आजच पाकिटातून काढलंय. डाव्या बाजूला, रेघेपासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, एक काळसर तेलकट डाग पडला होता. अंगठ्याएवढा. वहिनी रोज संध्याकाळी त्यांच्या हातांना औषधी तेल चोळायच्या, आणि त्याच तेलकट हातानं ते काठी धरून बसायचे. मी काठीचं तोंड सरळ धरलं आणि बघितलं. डाग बरोबर मधोमध होता. रेघ जिथं असायला हवी होती, तिथं.

म्हणजे त्यांना कळलं होतं. पहिल्या दिवशी, डोळे मिटून अंगठा टेकवला तेव्हाच कळलं होतं, आणि दोन महिने रोज त्यांनी आपला दुखरा हात वळवून माझी चूक दुरुस्त करून घेतली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं जवसाएवढ्यासाठी कापलीत ना? मग हीच तेवढी का ठेवलीत? "कापा" म्हणाला असतात तर मी कापली असती. कुरकुरलो असतो, दोन शब्द बोललो असतो, पण कापली असती हो! मला तुमची दया नको होती, मला तुमचा कटर हवा होता. हे सगळं मी मनात बोलत होतो की तोंडानं, कोण जाणे, कारण वहिनींनी मान वर करून बघितलं.

"काय झालं भाऊजी? नवी आणलीय नव्हं? बसवा की मग."

"वहिनी," मी म्हणालो, "ही वाकडी बसलीय. मला त्याच दिवशी दिसलं होतं. मी त्यांना सरळ आहे म्हणून सांगितलं."

वहिनींनी मेथीची जुडी बाजूला ठेवली नाही. एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली आणि म्हणाल्या, "त्यांनी बी त्याच दिवशी सांगितलं मला. तुम्ही तिकडं हात धुवायला गेलाव, अन् ते आत येऊन हळूच म्हणाले, वाकडी बसलीय, पण दाजीला लई भूक लागलीय. ग्रिपचं ऱ्हाऊ दे, तू आधी त्यांला वाढ."

सात नंबर मी परत दाराआड ठेवला. कटर खिशातच राहिला. मे महिन्यातल्या त्या दुपारी वहिनींनी आमरस केला होता आणि मी तीन वाट्या मागून घेतल्या होत्या.